२२/७ की ३.१४? पायच्या जवळ जाणारे अपूर्णांक आणि दशांश

छेदगणित:

पायची (π ची, म्हणजे वर्तुळाचा परीघ भागिले व्यास याची) किंमत ३.१४१५९२६५३५८९... अशी पुढे चालूच राहते हे सगळ्यांना माहीत असतं, पण हिशोबाची वेळ आली की आपण दोनच ओळखतो, २२/७ नाहीतर ३.१४. आणि बहुतेकांच्या डोक्यात असं बसलेलं असतं की २२/७ म्हणजे ढोबळ आणि ३.१४ म्हणजे जरा काटेकोर, कारण दशांश चिन्ह दिसलं की आकडा मोजून काढल्यासारखा वाटतो. खरं तर उलटं आहे. २२/७ म्हणजे ३.१४२८५७..., पायपेक्षा ०.००१२६ ने जास्त. ३.१४ पायपेक्षा ०.००१५९ ने कमी. म्हणजे २२/७ च जवळचा.

हा फरक डोळ्यासमोर यावा म्हणून पृथ्वी घ्या. सरासरी व्यास १२,७४२ किमी, अगदी गोल धरली आणि परीघ काढला तर ३.१४ ने साधारण २० किमीची चूक येते, २२/७ ने १६ किमीची. ३.१४१६ घेतलं तर ९४ मीटर. आणि ३५५/११३ हा अपूर्णांक घेतला तर फक्त ३.४ मीटर!

माझं म्हणणं असं की अपूर्णांक किती चांगला हे नुसत्या चुकीवरून ठरवू नये, तो छेद केवढा घेऊन तिथपर्यंत पोचला तेही बघावं. छेद ७ असेल तर संख्यारेषेवर एकसप्तमांशाच्या अंतराने खुणा पडतात, पाय कुठेही असला तरी जवळची खूण फार तर १/१४ म्हणजे ०.०७ इतकी लांब असणार. २२/७ ची चूक त्याच्या पन्नासाव्या भागापेक्षाही कमी आहे, म्हणजे ७ सारख्या छोट्या छेदाने केवढी मजल मारलीय बघा. आता ३.१४ म्हणजे १५७/५०. छेद सातपट मोठा घेऊनही २२/७ ला गाठता आलं नाही. दशांश म्हणजे शेवटी छेद १०, १००, १००० असाच हवा अशी अट घातलेले अपूर्णांकच, आणि त्या अटीचा पायशी काही संबंध नाही, ती आपल्या दहाच्या मोजणीतून आलीय.

या विषयावर कोणाकडे काय काय आहे ते इथे टाका, मला खूप उत्सुकता आहे.

दशमस्थान:

धागा आवडला पण दशांशाची बाजू कोणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितोय. ३३३/१०६ आणि ३५५/११३ यातला मोठा कोणता हे बघताक्षणी सांगता येतं का? नाही, तिरका गुणाकार करावा लागतो. दशांशात ते नुसतं वाचून कळतं. दुसरं म्हणजे ३.१४ वरून ३.१४१५ वर जायचं तर आधीचं काही पुसावं लागत नाही, पुढे दोन अंक लिहिले की झालं. अपूर्णांकात मात्र अख्खा आकडा बदलतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, दशांश स्वतःची चूक स्वतःच सांगतो. पायचे अंक कापून ३.१४१५९ लिहिले तर चूक ०.००००१ पेक्षा कमी हे लिहिण्यातच आलं. २२/७ कडे नुसतं बघून त्याची चूक किती हे कोणाला कळणार? म्हणूनच लोक व्यास १० घेऊन २२/७ ने परीघ ३१.४२८५७१ असा लिहून मोकळे होतात, खरा आहे ३१.४१५९२७. म्हणजे ३१.४ च्या पुढचं सगळं चुकीचं, पण सहा दशांश स्थळं बघून वाचणाऱ्याला ते अचूक वाटतं. असे अंक लिहूच नयेत, २२/७ वापरलं की उत्तर तीन अंकांपर्यंत आणून थांबावं.

नासाची जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी ग्रहांमधल्या प्रवासाच्या सगळ्यात काटेकोर गणितांना ३.१४१५९२६५३५८९७९३ म्हणजे १५ दशांश स्थळं वापरते. तेवढ्याने ५० अब्ज किमी व्यासाच्या वर्तुळाच्या परीघात चूक येते सव्वा सेंटीमीटरच्या आसपास. हे अपूर्णांकात लिहून दाखवा बरं.

छेदगणित:

दशमस्थान, चूक स्वतः सांगण्याचा मुद्दा एकदम मान्य, तो मी लिहायला हवा होता. पण अपूर्णांकांच्याही बाबतीत चुकीचा अंदाज बांधता येतो, सगळ्यांच्या नाही पण चांगल्या अपूर्णांकांच्या. त्यावर पुढे लिहितो.

नवी_वही:

एक प्रश्न विचारू का, कदाचित फार प्राथमिक असेल. पाय म्हणजे परीघ भागिले व्यास. मग तो भागाकारच झाला ना, म्हणजे अपूर्णांकच. तरी त्याला अपरिमेय का म्हणतात? आणि पुस्तकात सरळ पाय = २२/७ लिहिलेलं असतं तिथे बरोबरचं चिन्ह कसं काय चालतं? मुलीने विचारलं आणि मला नीट सांगता येईना.

वर्गमूळ:

@नवी_वही, प्रश्न प्राथमिक मुळीच नाही, मुलीला शाबासकी द्या. अपरिमेय म्हणजे दोन पूर्णांकांचा भागाकार म्हणून लिहिता न येणारी संख्या, इथे 'पूर्णांक' हा शब्द सोडायचा नाही. परीघ भागिले व्यास हा भागाकार आहेच, पण व्यास बरोबर पूर्णांक घेतला तर परीघ पूर्णांक येत नाही आणि परीघ पूर्णांक घेतला तर व्यास येत नाही. कितीही बारीक एकक घेतलं, केसाच्या हजाराव्या भागाएवढं घेतलं, तरी दोन्ही एकाच वेळी त्या एककात पूर्ण मोजले जाणार नाहीत. हे लॅम्बर्ट या गणितज्ञाने १७६१ मध्ये सिद्ध केलं. पुढे १८८२ मध्ये लिंडेमानने त्याच्याही पुढची गोष्ट सिद्ध केली, की पूर्णांक सहगुणक असलेल्या कुठल्याच बहुपदी समीकरणाचं पाय हे मूळ नाही.

बरोबरच्या चिन्हाबद्दल, तिथे खरं तर 'जवळपास' चं चिन्ह हवं. उदाहरणात 'पाय = २२/७ घ्या' म्हणतात त्यातला 'घ्या' महत्त्वाचा. मुलीला २२ ला ७ ने भागायला लावा, १४२८५७ १४२८५७ असे तेच सहा अंक परत परत येताना दिसतील. परिमेय संख्येचा दशांश कुठेतरी संपतो किंवा असा फिरून येतो, पायचा कधीच येत नाही. मात्र नुसतं बघून फसायला होतं हां, ३५५/११३ चे अंक ११२ घरांनंतर फिरून येतात, तोपर्यंत तेही पायसारखेच विस्कळीत दिसतात.

नवी_वही:

केसाच्या हजाराव्या भागाचं लगेच पटलं. आभारी आहे. भागाकार करायला लावला, तिला १४२८५७ फार आवडलंय.

लेथ_आणि_मी:

इथे बहुतेक कागदावरचं चाललंय म्हणून कामाच्या ठिकाणचं सांगतो. लेथवर (धातू फिरवत कापायच्या यंत्रावर) मॉड्यूलचा वर्म (गिअर फिरवणारा स्क्रू) कापायचा असतो तेव्हा पिच (शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर) = पाय गुणिले मॉड्यूल (गिअरच्या दातांच्या आकाराचं मिमीतलं माप). म्हणजे स्पिंडल (काम फिरवणारा दांडा) आणि लीडस्क्रू (हत्यार पुढे सरकवणारा स्क्रू) यांच्या मध्ये जे बदलते गिअर, म्हणजे चेंज गिअर लावायचे त्यांच्या दातांच्या गुणोत्तरात पाय यायला हवा. गिअरला साडेतीन दात नसतात, दात पूर्णांकातच, त्यामुळे तिथे दशांश काही कामाचा नाही, अपूर्णांकच लागतो.

२२/७ सोपं, पण मॉड्यूल १ ला दर पिचमागे ०.००१२६ मिमी चूक येते आणि ती साठत जाते, दहा पिचला ०.०१२६ मिमी झाली, बऱ्याच कामाला ती चालत नाही. मग ३५५/११३ घ्यावं म्हणाल तर ११३ मूळ संख्या आहे, तिचे तुकडेच पडत नाहीत, ११३ दातांचा गिअर असलाच पाहिजे. ३५५ म्हणजे ५ गुणिले ७१, म्हणजे ७१ किंवा त्याच्या पटीतलाही हवा. बघायला सुंदर पण सेटमध्ये नाही.

त्यापेक्षा ३७७/१२० बघा. ३७७ = १३ गुणिले २९. ६५ आणि ५८ चे गिअर चालवणारे, ३० आणि ४० चे चालणारे, ६५/३० गुणिले ५८/४० केलं की बरोबर ३७७/१२० = ३.१४१६६६... दर पिचमागे चूक ०.००००७४ मिमी, दहा पिचला एक मायक्रॉनसुद्धा नाही. तेव्हा छेदगणित म्हणतात तसा छेद छोटा हवा हे ठीक, पण आमच्याकडे छेदाचे आणि अंशाचे अवयव पडायला हवेत ही वेगळीच अट असते आणि ती जास्त महत्त्वाची.

छेदगणित:

लेथ_आणि_मी, हा प्रतिसाद म्हणजे सोनं आहे. अवयवांचा विचार माझ्या मनातही आला नव्हता.

बिटबिट:

मग आमची अटही ऐका. छोट्या मायक्रोकंट्रोलरमध्ये (उपकरणात बसवलेल्या संगणक-चिपमध्ये) दशांशाचा हिशोब करणारं हार्डवेअर नसतं, सॉफ्टवेअरने करायला गेलं तर वेळ आणि मेमरी दोन्ही जाते, म्हणून पूर्णांकातच गुणून भागतात. ३५५ ने गुणा, ११३ ने भागा, काम झालं. फक्त मधला गुणाकार मावतो का ते बघावं लागतं, १६ बिटच्या (०-१ च्या सोळा अंकांच्या) बिनचिन्ह (उणे नसलेल्या) संख्येत ६५,५३५ पर्यंतच जागा, त्यामुळे १८४ पेक्षा मोठ्या संख्येला ३५५ ने गुणलं की गडबड. ३२ बिटमध्ये सव्वा कोटीच्या जरा अलीकडेपर्यंत चालतं. आणि गुणाकार आधी, भागाकार नंतर, हा क्रम चुकवायचा नाही, नाहीतर अपूर्ण भाग आधीच गळून जातो.

पण भागाकार हीच महाग गोष्ट आहे. छेद २ च्या घातात असेल तर भागायचंच नाही, बिट उजवीकडे सरकवले की झालं. २०१/६४ = ३.१४०६२५, सहा बिट सरकवा, चूक ०.०००९७, म्हणजे २२/७ पेक्षाही बरा. आणि माझा आवडता ३२१७/१०२४ = ३.१४१६०१५६२५, दहा बिट सरकवायचे आणि चूक ०.०००००८९, जवळपास ३.१४१६ च्याच तोडीचा. १०२४ च्या आसपासचे बहुतेक छेद घेतले असते तर इतका चांगला निघाला नसता, १०२४ चा निघाला हे आमचं नशीब.

पोथीतला_आकडा:

इतिहासाचं थोडं माझ्याकडून. सुसा (आजच्या इराणमधलं प्राचीन शहर) इथे सापडलेल्या मातीच्या पाटीवरून बॅबिलोनी लोक २५/८ म्हणजे ३.१२५ वापरत होते असं दिसतं. इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने वर्तुळाच्या आत आणि बाहेर ९६ बाजूंचे बहुभुज घेऊन दाखवलं की पाय २२३/७१ पेक्षा मोठा आणि २२/७ पेक्षा लहान आहे. मला यात सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही की त्याने एक किंमत दिली नाही, दोन कुंपणं दिली. वर दशमस्थान म्हणाले तसं चूक किती हे त्यातच आलं. दुसऱ्या शतकात टॉलेमी या खगोलशास्त्रज्ञाने साठाच्या पद्धतीत ३ अंश ८ कला ३० विकला असं लिहिलं, ते म्हणजे बरोबर ३७७/१२०, लेथ_आणि_मी यांचाच!

पाचव्या शतकात चीनमध्ये झू चोंगझी याने ढोबळ म्हणून २२/७ आणि सूक्ष्म म्हणून ३५५/११३ दिला. ४९९ मध्ये आर्यभटाने २०,००० व्यासाला ६२,८३२ परीघ सांगितला, म्हणजे ३.१४१६, आणि हा परीघ जवळपासचा आहे हे त्याच श्लोकात सांगून ठेवलं. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) तोच संक्षेप देऊन ३९२७/१२५० सूक्ष्म म्हणून आणि २२/७ व्यवहाराला पुरे म्हणून दिलाय. म्हणजे कामाप्रमाणे अपूर्णांक निवडायचा हे तेव्हाही चालू होतं.

छेदगणित:

आता मला राहवत नाही, कारण तुम्ही सगळ्यांनी वेगवेगळ्या दिशांनी जे आकडे आणले ते सगळे एकाच शिडीवरचे आहेत. वही घ्या आणि करून बघा.

३/१ पासून सुरू करा. त्यात दर वेळी २२/७ असा मिळवा की अंशात २२ आणि छेदात ७. (ही अपूर्णांकांची बेरीज नाही, अंश अंशात आणि छेद छेदात. असं केलं की नवा अपूर्णांक नेहमी त्या दोघांच्या मध्ये पडतो.) ३ पायच्या खाली आहे, २२/७ वर आहे, त्यामुळे पायरीपायरीने आपण खालून वर पायकडे सरकतो.

पहिली पायरी २५/८, बॅबिलोनचा. मग ४७/१५, ६९/२२ असं चढत सातवी पायरी १५७/५०, म्हणजे आपला ३.१४! तो दशांशात बसला ते ५० हा छेद १०० ला भाग देतो म्हणून, बाकी तोही याच शिडीवरचा. आठवी १७९/५७, इथे पहिल्यांदा २२/७ मागे पडतो. नववी २०१/६४, बिटबिट यांचा. दहावी २२३/७१, आर्किमिडीजचं खालचं कुंपण. पंधरावी ३३३/१०६. सोळावी ३५५/११३. आणि सोळाव्या पायरीला आपण पायच्या किंचित वर जातो, किंचित म्हणजे ०.००००००२६७ ने. सतरावी ३७७/१२०, टॉलेमीचा आणि लेथचा, तो पायपासून परत दूर जाऊ लागलेला.

बरं, ३९२७/१२५० आणि ३२१७/१०२४ यात नाहीत असं वाटेल. ३५५/११३ अकरा वेळा घ्या आणि २२/७ एकदा मिळवा. अंश ३९०५ + २२ = ३९२७, छेद १२४३ + ७ = १२५०. नऊ वेळा घेऊन २२/७ एकदा मिळवा, ३१९५ + २२ = ३२१७ आणि १०१७ + ७ = १०२४. म्हणून बिटबिट, ते नुसतं नशीब नाही, १०२४ हा ११३ च्या नऊ पटीपेक्षा बरोबर ७ ने मोठा आहे म्हणून तो इतका चांगला निघाला.

बिटबिट:

हे मी आत्ता कागदावर करून बघितलं आणि थक्क झालोय. इतकी वर्षं ३२१७ वापरतोय आणि तो कुठून येतो हे आज कळलं.

दशमस्थान:

३.१४ सुद्धा त्याच शिडीवर निघाला, मान गये. पण सोळाव्याच पायरीला असं नेमकं टेकतं का? सोळा कुठून आले?

छेदगणित:

कॅल्क्युलेटर घ्या. पायमधून ३ काढा, राहिले ०.१४१५९२६५. व्यस्त करा, १ ला त्याने भागा, ७.०६२५१३. इथे ७ वर थांबलो तर ३ + १/७ = २२/७. आता ७ काढा, ०.०६२५१३ चा व्यस्त १५.९९६५९. हा जवळजवळ १६ आहे! म्हणून ३ + १/(७ + १/१६) = ३५५/११३. त्या १५.९९६५९ ला १५ आणि उरलेलं असं मांडलं तर पुढे १.००३४ आणि त्याच्या पुढे २९२.६ येतात. म्हणजे ३, ७, १५, १, २९२ अशी माळ, यालाच कंटिन्यूड फ्रॅक्शन म्हणतात.

आणि चुकीचा अंदाजही इथेच मिळतो, दशमस्थान, तुम्हाला देणं लागत होतो ते हे. या माळेतून येणाऱ्या अपूर्णांकाची चूक साधारण १ भागिले (छेदाचा वर्ग गुणिले माळेतली पुढची संख्या) एवढी असते. ३५५/११३ साठी छेदाचा वर्ग १२,७६९ आणि पुढची संख्या २९२, गुणाकार ३७ लाखांच्या घरात, आणि चूक खरोखरच ३७ लाखांत एक इतकी आहे. पुढची संख्या मोठी असली की तिथे थांबण्यात फायदा. २२/७ च्या पुढे १५ आहे म्हणून तो चांगला, ३५५/११३ च्या पुढे २९२ आहे म्हणून तो अफाट. याउलट सुवर्ण गुणोत्तराची (१.६१८...) माळ १, १, १, १ अशी सगळी एकाचीच, त्याला कुठलाच अपूर्णांक नीट जवळ जात नाही.

वर्गमूळ:

३५५/११३ लक्षात ठेवायला सोपं: ११३३५५ लिहा, मधोमध तोडा, पहिला भाग छेद आणि दुसरा अंश.

पोथीतला_आकडा:

एक राहिलं. केरळच्या माधव या गणितज्ञाच्या परंपरेत ९,००,००,००,००,००० व्यासाला २८,२७,४३,३३,८८,२३३ परीघ दिलाय, भागून बघा, ३.१४१५९२६५३५९२ येतं, दहा दशांश स्थळं बरोबर. आणि त्यांची ती १ − १/३ + १/५ − १/७ अशी मालिका, जी पायच्या चौथ्या भागाकडे जाते, तिला सगळे नावं ठेवतात की फार हळू जाते. हळू जातेच, दहा पदं घेऊन चौपट केली तर ३.०४१८३९६ येतं, ३.१ सुद्धा नाही. पण त्यांनी शेवटी मिळवायची दुरुस्ती दिलीय. पदांची संख्या भागिले (त्या संख्येच्या वर्गाची चौपट अधिक १), म्हणजे दहा पदांना १०/४०१. त्याची चौपट ०.०९९७५०६ मिळवा, ३.१४१५९०२. त्याहून सूक्ष्म दुरुस्ती १०१/४०५० आहे, ती घेतली की ३.१४१५९२७०५, तीच दहा पदं आणि चूक एक कोटीत एकाहूनही कमी! मालिका लांबवण्याऐवजी ती तोडल्यावर काय उरतं याचा अंदाज बांधायचा, ही मला या सगळ्या विषयातली सर्वात हुशार गोष्ट वाटते, आणि ती अपूर्णांकांनीच केलीय.

नवी_वही:

सगळं नाही कळलं पण शिडी मुलीने आणि मी मिळून पूर्ण चढली. तिचा प्रश्न असा की ३५५/११३ पेक्षा चांगला हवा असेल तर पुढचा छेद कितीचा?

छेदगणित:

तिला सांगा छेद १६,६०४ पर्यंत थांबावं लागतं. ११४ पासून १६,६०३ पर्यंतचा एकही छेद घेऊन ३५५/११३ पेक्षा जवळ जाता येत नाही. १६,६०४ ला ५२१६३/१६६०४ मिळतो आणि तोही अगदी नावापुरताच पुढे, ३५५/११३ ची चूक ०.००००००२६६८ तर याची ०.००००००२६६२. खरी उडी हवी असेल तर १०३९९३/३३१०२, त्याची चूक एक अब्जांशाच्याही आत येते, पण त्यात अकरा अंक लिहावे लागतात आणि तेवढ्या अंकांत दशमस्थान यांचा ३.१४१५९२६५३५ बसतो ज्याची चूक त्याहूनही बरीच कमी आहे. तेव्हा ३५५/११३ च्या पुढे दशांशच घ्यावा.

दशमस्थान:

हे मान्य. आणि ३५५/११३ पर्यंत तुमचं मान्य.